येऊ दे, येऊ दे, बस

गाडी मागे घेताना चालवणाऱ्याला मागचं दिसत नाही. आरशात दिसतं म्हणतात, पण आरशात दिसतात त्या बाजू. फाळक्याच्या बरोबर मागे, खाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून मागे कोणीतरी उभं राहून ओरडावं लागतं. आमच्या पिकअपच्या मागे ते कोणीतरी पुष्कळ वर्षं मी होते.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून जवळ, हमरस्ता सोडून आत वळलं की. जमीन काळी, बोअरला पाणी, त्यामुळे कपाशीच्या जोडीने भाजीपाला निघतो. मेथी, पालक, वांगी, आणि सगळ्यांत जास्त सांबार. पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आम्ही सांबार म्हणतो. माल कधी अकोल्याच्या बाजारात जातो, कधी अमरावतीच्या. भाव जिकडे बरा तिकडे. हल्ली ते फोनवरच कळतं.

नवरा होता तोवर बंडी होती. बैल पुढे चांगले चालतात, मागे यायला तयार नसतात. बंडी मागे घ्यायची तर समोर उभं राहून जू छातीने ढकलावं लागायचं. ते काम माझंच होतं. नवरा बंडीवर बसून "मांगं, मांगं" म्हणायचा. तेव्हा मी गाडीच्या पुढे उभी राहायचे, मुलाच्या वेळी मागे. एवढाच काय तो फरक पडला.

नवरा गेला, बैल विकले, मुलाने जुनी पिकअप घेतली. बाजारात माल ओट्यावर उतरवायचा म्हणजे गाडी उलटी न्यावी लागते. उजाडायच्या आत सगळ्यांना एकदम उतरवायचं असतं. दोन गाड्यांच्या फटीत एक गाडी, पायात माणसं, टोपली, गाई. मुलगा दर वेळी खाली उतरून मागे बघून यायचा, चढायचा, थोडी मागे घ्यायचा, पुन्हा उतरायचा. बाकीचे हॉर्न वाजवून शिव्या द्यायचे. एक दिवस फाळका दुसऱ्याच्या गाडीला घासला आणि भांडण झालं. तो घरी येऊन चिडून बसला तेव्हा मी म्हटलं, "उद्या मी येते."

"तू काय करशीन येऊन?"

"मांगं उभी राहीन. तुह्या बापाच्या बैलाईले मांगं घेतलं म्या. तुही गाडी काय त्याहून अडेल होये?"

तो नाही म्हणाला नाही. तेव्हा त्याला गरज होती.

मी ते काम नीट शिकले. मधोमध उभं राहायचं नाही, चालवणाऱ्याच्या बाजूला राहायचं, म्हणजे त्याच्या आरशात आपण दिसतो. हातातली बॅटरी चाकावर मारायची, त्याच्या डोळ्यांवर नाही. आमच्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात. जागा भरपूर असली की लांबवून म्हणायचं, येऽऽऊ दे. जागा कमी होत गेली की आखडतं घ्यायचं, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आणि हातभर उरलं की "बस" म्हणून फाळक्यावर थाप मारायची. हातभर आधीच म्हणायचं, कारण माणसाने ऐकून पाय दाबेपर्यंत गाडी तेवढी येतेच.

घरात तोवर स्वयंपाक सुनेकडे गेला होता. टीव्ही नातवंडांकडे, चाव्या मुलाकडे. मला विचारून काही होत नव्हतं, आणि मला सांगूनही होत नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं असं म्हटलं तर सून म्हणायची, "आत्याबाई, तुमची जीभच गेली." जीभ गेली नव्हती. मीठ जास्त होतं. पण पहाटे अंगणात गाडी सुरू झाली की मी चादर अंगाला गुंडाळून पुढे मुलाच्या शेजारी बसायचे, आणि बाजारात उतरून मागे गेले की मालाने भरलेली अख्खी गाडी माझ्या एका शब्दावर यायची आणि एका शब्दावर थांबायची. जन्मात माझ्या म्हणण्यावर दुसरं काही थांबलेलं मला आठवत नाही. नवरा थांबला नाही, मुलगा थांबत नाही. म्हणून ती जागा मला हवी होती. गाडीतली पुढची जागाही हवी होती, मागची उभी राहायचीही. मुलाच्या मायेपोटी मी थंडीत उठत होते असं कोणी समजू नये. मी माझ्यासाठी उठत होते.

बाजारात मला सगळे पिकअपवाली बुढी म्हणायचे. हमाल चहा आणून द्यायचे. शेजारच्या गाडीवाल्यांनाही मी मागे घेऊन द्यायचे. त्यांचे लोक ओरडायचे, पण नुसतेच ओरडायचे. जागा आहे की नाही ते बघायचे नाहीत.

मग ते वांग्याचं झालं.

थंडीचे दिवस होते, अकोल्याचा बाजार. शेडच्या खांबापाशी अकोटकडची एक बाई रोज वांग्याचं टोपलं घेऊन बसते. वयाने माझ्याहून थोडी लहान, अंगाने दुप्पट. गाडी तिच्या बाजूने मागे येत होती. ती गाडी बघून उठायला लागली, टोपलं उचलून कमरेशी घेतलं. ती बाजूला होणार म्हणून मी येऊ दे म्हणत राहिले. हातभर उरलं तेव्हा मी मुलाला ओरडले, "बस! बस!" आणि थाप मारली. अर्धी उठलेली ती बाई तिथेच परत खाली बसली. टोपलं पुढ्यात ठेवून बसली. गाडी नेहमीप्रमाणे हातभर आली, आणि चाक टोपल्याच्या काठावर चढलं. वांग्यांचा चेंदा झाला. तिच्या टाचेला चाक चाटून गेलं, थोडी सालटी निघाली.

ती अशी ओरडली की अख्खा बाजार गोळा झाला.

"अवं बुढे, दिसत नाई का तुले? मारतं का माणसाले?"

"तू खाली काहून बसली वं मधातच?"

"तूनंच तं बस म्हनलं! बस म्हनलं म्हनून बसली न मी! म्या म्हनलं जागा असन, बस म्हनते बिचारी, काहून उठा?"

"तुले नाई म्हनलं, गाडीले म्हनलं!"

"गाडी काय बसते का?"

हमाल पोट धरून हसायला लागले. एक जण तर पोत्यावर आडवाच झाला. मलाही हसू आलं असतं, पण मुलगा खाली उतरला आणि त्याचं तोंड बघून माझं हसू गेलं. तो तिला ओलांडून पुढे आला. माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाला, "तुहा आवाजच समजत नाई आता, माय. कोनाले म्हनते, काय म्हनते."

आवाज समजला होता. चांगला समजला होता, म्हणून तर ती बसली. चूक तिची नव्हती आणि माझीही नव्हती. आपल्या बोलीत थांब म्हणायलाही बस आणि खाली टेक म्हणायलाही बस. आजवर मी रोज तेच ओरडत होते आणि कोणी बसलं नव्हतं, कारण आजवर कोणी त्याच वेळी उठत नव्हतं. हे मी त्याला परतीच्या वाटेवर सांगितलं.

बाईला मी आमच्या कॅरेटमधली वांगी काढून दिली. ती उलटी-पालटी करून बघत म्हणाली, "माह्यावाली बरी होती." दुसऱ्या दिवशी तीच मला हाक मारून हळद मागत होती टाचेला लावायला. तिच्या मनात काही राहिलं नाही. राहिलं ते आमच्या घरात.

ज्या दिवशी हे झालं त्याच रात्री जेवताना सून म्हणाली, "आत्याबाई, मी म्हनते आता नका जाऊ तुमी. तुमचाच पाय चाकाखाली गेला तं कोन पाहीन?"

"कोन पाहीन ते मले माईत आहे."

"म्हनजे?"

"म्हनजे कोनी नाई. म्हनून तं मी पाय बाजूले ठेवते."

मुलगा ताटातून वर न बघता म्हणाला, "फोकस लावून घेतो मांगं. मोठे. दिवसासारखं दिसते. लोक मले बोलून राहिले, बुढ्या मायले अंधारात उभं करते म्हनून."

"लोकाईले आज तोंड फुटलं? इतले दिवस मुके होते?"

"तुह्यासाठीच करून राहिलो ना मी."

माझ्यासाठी कोणी काही करतो म्हटलं की मी आधी बघते की माझं काय जाणार आहे. पण तेव्हा मला वाटलं, दिवे लागले तर लागले. उजेड झाला तरी ओरडायला माणूस लागेलच. दिव्याला काय तोंड असतं?

फोकस लावायला गाडी मूर्तिजापूरला नेली ती बाजारातून परत येतानाच, म्हणून मीही होते. तिथे बंद पडलेल्या छोट्या रेल्वेच्या रुळांशेजारी एक पत्र्याचं दुकान आहे, गाड्यांच्या वायरिंगचं. रुळांत गवत, गवतात शेळ्या. दुकानदार मधल्या वयाचा, बोलका माणूस. त्याने मुलाला दोन चौकोनी दिवे दाखवले, हाताच्या पंजाएवढे. मुलाला वाटत होतं की गाडीला मागे जाताना लागणारा जो बारका पांढरा दिवा आधीच असतो, त्याच्याच वायरीला हे जोडून टाकावे आणि निघावं.

"जोडतो," तो माणूस म्हणाला. "मंग आठ दिसानं फ्यूज उडन, नाई तं वायर जळन. मंग तुमी मले शिव्या द्याले यान. त्यापरीस आताच रिले लावा."

रिले म्हणजे काय ते त्याने मुलाला समजावलं, मीही ऐकलं. जुन्या दिव्याची वायर बारीक. तिच्यात एवढ्या मोठ्या दिव्यांचा जोर झेपत नाही. म्हणून दिव्यांसाठी गाडीच्या बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणायची, मध्ये फ्यूज टाकायचा, आणि वाटेत ही काळी डबी बसवायची. बारीक वायर त्या डबीला फक्त सांगते की गाडी मागे चालली. डबी उघडते आणि जाड वायरीतून करंट जातो. बारकी नुसतं सांगते, काम जाडी करते.

"समजलं का, मावशी?" त्याने मला गमतीने विचारलं.

"समजलं. आमच्या घरीबी आहे एक बारकी."

मुलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लाईट गेलेली होती आणि त्याला गाडीच्या पोटाखाली जायचं होतं. खाली गोणपाट टाकून तो सरकला आणि म्हणाला, "बॅटरी द्या कोनीतरी." मुलगा बोनेटकडे निघाला, त्याला गाडीची बॅटरी वाटली. मी माझी पिशवीतली काढली आणि वाकून उजेड धरला. तीच, जी मी रोज पहाटे चाकावर मारत होते. जाड वायर त्याने काळ्या नळीत घातली आणि गाडीच्या सांगाड्याच्या कडेकडेने, सायलेन्सरपासून लांब ठेवत, जागोजागी पट्टी आवळत मागे नेली. "गरमी लागली की वायर मेली," तो खालून म्हणाला. "इकडे धरा, मावशी. अजून इकडे. हाव, तिथीच." माझी कंबर मोडत होती. मी इतका वेळ वाकून उजेड धरला होता तो कशासाठी, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी ती बॅटरी त्या गवतात फेकली असती.

दिवे फाळक्याच्या खाली दोन बाजूंना बसवले. मग त्याने मुलाला रिव्हर्स टाकायला सांगितलं. दिवे लागले नाहीत.

पुन्हा टाकला. नाहीत. मुलगा कुरकुरला. मला वाईट वाटलं नाही.

त्या माणसाने टेस्टरने इकडे-तिकडे लावून पाहिलं, मग दिव्याची काळी वायर जिथे सांगाड्याला आवळली होती तिथला नट सोडला आणि कानशीने तिथला रंग खरवडला. रंगावर आवळली होती. लोखंडाला लोखंड लागल्याशिवाय करंट परत जात नाही म्हणाला. खालचं लोखंड चकाकायला लागल्यावर वायर परत आवळली, आणि दिवे लागले. भर दिवसा लागले तरी मला डोळ्यांवर हात धरावा लागला. मी बरोबर त्यांच्या समोर उभी होते. माझ्या पायांच्या भेगा, लुगड्याच्या काठाला लागलेला चिखल, सगळं उघडं.

मी विचारलं, "याले बोलता येते का?"

"येते ना!" तो खूश झाला. "बझर लावून देतो." त्याने एक भोंगा काढून तारा टेकवल्या. त्यातून एक बाई गोड आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलायला लागली. तेच तेच, पुन्हा पुन्हा.

"काय म्हनते ते?"

"गाडी मांगं येऊन राहिली, बाजूले व्हा, असं म्हनते."

"अकोल्याच्या बाजारात?" मी म्हटलं. "तिथच्या गाई शिकल्या का इंग्रजी?"

"बाईचाच आवाज आहे, मावशी. तुमच्यासारखी. अन् हिले चहा लागत नाई, थंडी लागत नाई."

तो हसला. मुलगाही हसला. पण ती बाई त्याला नको झाली, नुसतं टीं टीं करणारं साधं यंत्र त्याने लावून घेतलं. तेवढं त्याने माझ्यावर उपकार केले असं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी चादर घेऊन अंगणात गेले. मुलाने गाडी गोठ्याच्या भिंतीपर्यंत मागे घेतली होती, माल भरायला. माझ्याशिवाय घेतली होती. दिवे, टीं टीं, आणि भिंतीपासून वीतभर लांब उभी. मी पुढचं दार उघडलं. माझ्या जागेवर दोन कॅरेट होते, एकावर एक, ओल्या गोणपाटाने झाकलेले. खाली पाय ठेवायच्या जागेत तिसरा. सांबाराच्या जुड्या.

"हे काय होये?"

"सांबार," तो म्हणाला.

"तो दिसून राहिला. इथी काहून ठेवला?"

"मांगं ताडपत्रीखाली तापते तो, माय. पिवळा पडते. पुढं हवेत ताजा राह्यते. हर्राशीत ताज्या मालालेच भाव हाय."

"अन् मी?"

तो दोरी आवळत होता. आवळून झाल्यावर म्हणाला, "तू आता बस ना घरी. कायले थंडीत येतं? दिवे लावले ना मांगं."

बस म्हणाला. माझाच शब्द. मी गाडीला म्हणायचे तसाच, फक्त फाळक्यावर थाप मारली नाही एवढंच.

मी म्हटलं, "हे दिवे माह्यासाठी लावले म्हनत होता तू."

"तुह्यासाठीच तं. तुले आराम नको का?"

"मले आराम कोनी मांगला?"

"माय, उशीर होऊन राहिला." आणि तो गाडीत बसला.

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. तो खरंच हिशेब लावून बोलत होता. दिवे लागले, ओरडायचं काम संपलं. काम संपलं, तर जागा रिकामी. रिकाम्या जागेत ताजा राहील असं काही ठेवावं. म्हातारी बाई कुठेही ठेवली तरी तेवढीच राहते, पिवळी पडायची ती आधीच पडलेली असते. सांबाराचं तसं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही कदाचित असाच हिशेब लावला असता. पण मी त्याच्या जागी नव्हते. मी माझ्या जागी होते आणि तिथे कॅरेट ठेवले होते.

मग मी घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला पहाटे जाग येतच राहते. गाडी मागे यायची तेव्हा त्या दिव्यांचा उजेड माझ्या खिडकीतून भिंतीवर पडायचा, देवांचे फोटो, खुंटीवरची माझी पिशवी, सगळं दिसायचं, आणि टीं टीं थांबलं की परत अंधार. सून उठून चहा करायची तो एका माणसाचा. दिवस उगवल्यावर मी सांबाराच्या जुड्या बांधायचे, दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर बसणाऱ्या. सुनेने एकदा म्हटलं, "आत्याबाई, जुडी लहान बांधा, तुमी लय मोठी बांधता." मी लहान बांधायला लागले.

शेजारणी म्हणायच्या, पोरगा चांगला आहे, मायला जपतो. मी हो म्हणायचे. नाही म्हणायला सांगावं लागतं, आणि सांगायला गेलं तर लोक म्हणतात, म्हातारीला गाडीत फिरायची हौस.

उन्हाळा लागायच्या सुमाराला एक दिवस मी पिशवी घेतली आणि मूर्तिजापूरच्या फाट्यावर जाऊन अकोल्याच्या एसटीत बसले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही. कार्ड दाखवलं की झालं. कंडक्टरने कार्ड बघून विचारलं, "दवाखान्यात का, आजी?"

"नाई. बाजारात."

"एकलीच? सोबत कोनी नाई?"

"सोबत आहे. तो पुढं गेला."

पण बाजार एसटीच्या वेळेवर चालत नाही. मी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हर्रास, म्हणजे मालाची बोली, कधीच उरकली होती. झाडणारे पालापाचोळा गोळा करत होते, गाई सडकी पानं खात होत्या. ज्या ओट्याशी मी पहाटे उभी राहायचे तो रिकामा होता. उजेडात मी तो पहिल्यांदाच निवांत बघितला. काही बघण्यासारखा नाही.

वांग्याची बाई खांबापाशी होती, उरलेलं विकत. मला बघून तिने पदर सावरला.

"अवं, जित्ती आहे का तू? म्या म्हनलं गेली का काय बुढी."

"घरी बसली होती."

"तुह्या पोट्ट्यानं सांगतलं, फोकस लावले म्हने. लय उजेड पडते, डोये जाते माह्ये." मग तिने पाय पुढे केला आणि टाच दाखवली, जिथे आता काही दिसत नव्हतं. "माह्या ह्या टाचेपायी तुही नोकरी गेली."

"टाचेपायी नाई," मी म्हटलं. "सांबारापायी."

ती समजली की नाही कोण जाणे. तिने गोणपाट झटकलं, बाजूला सरकली आणि म्हणाली, "बस."

मी बसले. तिने एक गिऱ्हाईक परत पाठवलं, फार घासाघीस करत होतं म्हणून.

मुलगा चहाच्या टपरीकडून आला. मला बघून आधी घाबरला, घरी काही झालं वाटलं त्याला.

"काहून आली? काय झालं?"

"काई नाई. पाह्याले आली."

"काय पाह्याले?"

"बाजार."

त्याने खिशातून चावी काढली. मग म्हणाला, "चाल, गाडी निघून राहिली." आणि पुढचं दार उघडलं. कॅरेट रिकामे होऊन मागे गेले होते. माझी जागा मोकळी होती, सीटवर पाणी सांडलेलं, सांबाराची दोन-चार पानं चिकटलेली. "बस," तो म्हणाला.

मी पदराने सीट पुसली आणि बसले. लुगडं ओलं झालंच.

त्याने रिव्हर्स टाकला. लख्ख उन्हात मागे दिवे लागले, टीं टीं सुरू झालं. आणि तेवढ्यात मागे एक हमाल, कोणाचा कोण, बिडी ओढत उभा होता, तो ओरडायला लागला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे! बस!" आणि फाळक्यावर थाप मारली. मुलाने लगेच गाडी थांबवली. आरशात बघितलं नाही, दिव्यांचं काही केलं नाही. त्या माणसाच्या शब्दावर थांबवली. खिडकीतून हात काढून त्याला सलामही केला.

रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "तुह्या मांगं दिवे आहे, टीं टीं आहे. मंग त्याचं काहून ऐकलं तू?"

"माणूस सांगून राहिला तं ऐकावं लागते, माय. सवय होये."

"मीबी तेच सांगत होती."

विचार करून, नीट, कोणालाही दुखवायचं नाही अशा आवाजात तो म्हणाला, "तो गाडीत बसत नाई ना."

खरं बोलला. माझ्याच पोटचा आहे, बोलताना आडपडदा ठेवत नाही.

आता मी आठवड्यातून एकदा तसंच करते. जाताना एसटी, येताना पिकअप. जाताना त्या जागेवर सांबार बसतो, येताना मी. मुलाची हरकत नाही. येताना गाडी रिकामीच असते.

त्या पहिल्या दिवशी घरी पोचलो आणि त्याने अंगणात गाडी गोठ्याच्या भिंतीकडे मागे घ्यायला सुरुवात केली. मी आत बसून होते. माझ्या बाजूच्या आरशात ती जागा दिसत होती जिथे मी उभी राहायचे. तिथे कोंबड्या होत्या, त्या पळाल्या. भिंत जवळ येत होती. जीभ सवयीने वर उचलली गेली, मी ती दातांखाली धरली. म्हटलं, आदळू दे. एकदा आदळू दे.

वीतभर राहिली आणि तो थांबला.